आवळीभोजनासाठी घरच्या पौष्टिक चटण्या

कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. खरिपाचे बरेचसे पीक घरात आलेले असते, हवेत गारवा असतो आणि घरोघरची माणसे शिदोरी घेऊन एकत्र जेवतात. भाकरी, भाजी व भात यांची काळजी गृहिणी घेतेच. परंतु ताटाच्या डाव्या बाजूकडे तितके लक्ष दिले जात नाही. विकतचे लोणचे, पापड आणि सॉस यांनी ती बाजू पुष्कळदा भरली जाते. या पदार्थांत मीठ बरेच असते, व सॉसमध्ये साखरही असते. वास्तविक आपल्याच शेतातील तीळ, भुईमूग, कारळे, जवस व आवळे यांपासून डावी बाजू अधिक रुचकर व पौष्टिक करता येते.

डाव्या बाजूचे महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. एक सपाट चहाचा चमचा मीठ घेतले की ही मर्यादा पुरी होते. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो व त्यातून हृदयविकाराचा धोका संभवतो. मात्र वर्षभराच्या लोणच्यात मीठ हे टिकवणीसाठी असते. ते कमी केल्यास लोणचे नासते. म्हणून लोणच्यातील मीठ कमी न करता ताटातील लोणचे कमी करावे, आणि लवकर संपणाऱ्या चटण्या बेताच्या मिठात कराव्यात.

दुसरा प्रश्न रक्तक्षयाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. धान्य, कडधान्ये व तेलबिया यांतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असल्यास ते अधिक शोषले जाते. आवळ्यात हे जीवनसत्त्व विपुल असते. भाकरी, उसळ व कारळ्याची चटणी यांच्या जोडीला आवळा घेण्यात हाच लाभ आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र लोहाच्या शोषणास अडथळा आणतो. तो तासाभराने घ्यावा.

तीन चटण्या

जवसाची चटणी : जवस १५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, सुक्या मिरच्या ५, लसूण ८ पाकळ्या, जिरे १ चमचा, आमसुले ३, मीठ पाऊण सपाट चहाचा चमचा. जवस तडतडेपर्यंत मंद आचेवर भाजावेत. तीळ निराळे भाजावेत. लसूण व आमसुले तव्यावर कोरडी करून घ्यावीत. सर्व जिन्नस निवाल्यावर जाडसर कुटावेत. तेल घालण्याची गरज नाही. जवसाच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग तेलाचाच असतो, व त्यात शरीरास उपयुक्त अशी ओमेगा-३ स्निग्धाम्ले असतात. तिळामुळे चटणीत कॅल्शियमची भर पडते. एवढ्या चटणीचे सुमारे २० वाढ होतात व प्रत्येक वाढीत मीठ पाव ग्रॅमहून अधिक जात नाही.

कारळ्याची चटणी : कारळे व भुईमुगाचे दाणे प्रत्येकी १०० ग्रॅम घ्यावेत. मिरची, लसूण, जिरे व मीठ वरीलप्रमाणेच घ्यावे. कारळे लवकर करपतात. सुवास सुटताच तवा उतरावा. दाणे वेगळे भाजून, सोलून मग एकत्र कुटावे.

आवळ्याची ओली चटणी : दहा माणसांसाठी आवळे ८, कोथिंबिरीची १ जुडी, हिरव्या मिरच्या ३, आले १ पेर, जिरे अर्धा चमचा, गूळ सुपारीएवढा, मीठ अर्धा चहाचा चमचा. आवळे बिया काढून कच्चेच वाटावेत. शिजवल्याने 'क' जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो. ही चटणी त्याच सकाळी करून दुपारी संपवावी.

घ्यावयाची काळजी

भुईमुगाचे दाणे काळजीपूर्वक निवडावेत. ओलसर राहिलेल्या शेंगांवर बुरशी येऊन अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतास घातक असून भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. बुरशीचे, काळपट, सुरकुतलेले व कडू दाणे फेकून द्यावेत. ते जनावरांच्या चाऱ्यातही मिसळू नयेत. शेंगा हलविल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवूनच साठवाव्यात.

कोरड्या चटणीला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. ती कोरड्या चमच्याने काढावी व घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतीच चटणी करावी. आवळ्याची चटणी काचेच्या, चिनी मातीच्या अथवा स्टीलच्या भांड्यात न्यावी. तांब्याच्या, कल्हई नसलेल्या पितळेच्या व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आंबट पदार्थ लावू नयेत. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात लवकर आंबते. लांबच्या पंगतीला ती टाळावी. हात धुण्यासाठी पाणी व साबण शिदोरीबरोबरच न्यावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आवळीभोजन ही प्रात्यक्षिकाची उत्तम संधी होय. गावातील कार्यकर्त्यांनी व अंगणवाडी सेविकांनी बचत गटाच्या भगिनींना आदल्या दिवशी एकत्र बोलावून चटण्या करवून घ्याव्यात. एका माणसाचे दिवसाचे ५ ग्रॅम मीठ बशीत काढून सर्वांस दाखवावे. घरात किती माणसे आहेत व एक किलो मीठ किती दिवसांत संपते, याचा हिशेब प्रत्येकीने मांडावा. मुलांसाठी मिरचीविना थोडी चटणी वेगळी काढावी.

एवढे मात्र स्पष्ट सांगावे की, चटणी हे औषध नव्हे. ज्या भगिनींना लोहाच्या गोळ्या दिलेल्या आहेत, त्यांनी त्या बंद करू नयेत. परंतु गोळीला रोजच्या ताटाची साथ मिळाली पाहिजे, आणि ती साथ देणाऱ्या जिनसा आपल्या शिवारातच पिकतात. पंगतीच्या निमित्ताने केलेली ही चटणी वर्षभर रोजच्या भाकरीबरोबर वाढली जावी, म्हणजे श्रमाचे चीज होईल.