आकडा नसलेली कार्डे

माझे गाव परभणी जिल्ह्यातले पेडगाव. वडील ज्वारीच्या प्रत्येक पोत्यावर गेरूने आकडा घालीत. मला तो उगाच खटाटोप वाटे.

१९७६ साली मी पवईच्या आयआयटीत शिकत होतो. तिथे ईसी-१०३० हा सोव्हिएत बनावटीचा संगणक होता. त्याला काय सांगायचे ते जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून सांगावे लागे. एका कार्डावर ८० स्तंभ, एका स्तंभात एक अक्षर, म्हणजे एका कार्डावर फोरट्रान भाषेची एकच ओळ. सूचना ७ ते ७२ या स्तंभांत. शेवटचे आठ स्तंभ कार्डाच्या क्रमांकासाठी. फोरट्रान ते विचारात घेत नसे, म्हणून मी ते कोरेच ठेवले.

प्रकल्प द्यायच्या आदल्या दिवशी चारशे कार्डांचा गठ्ठा जिन्यावर हातातून सुटला. रात्रभर जमिनीवर कार्डे लावत बसलो. तरी दोन कार्डांची अदलाबदल झालीच. यंत्राने तक्रार केली नाही. त्याने उत्तर दिले, पण चुकीचे. मुदत हुकली, गुण गेले.

सुट्टीत वडिलांना हे सांगितले. ते एवढेच म्हणाले, “आकडा मोजायला नसतो रे, सांडल्यावर लागतो.”