सैन्याच्या तिजोरीची किल्ली

घरांतील वडील मंडळींनीं लग्नास रुकार दिला, म्हणजे खर्चाचा पैसा हातीं आला असें होत नाहीं. किल्ली ज्याच्याजवळ असेल त्यानें तिजोरी उघडावी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सैन्याच्या खर्चाची व्यवस्था अशीच आहे.

तेथें सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे, पण किल्ली काँग्रेस या विधिमंडळाकडे. राज्यघटना लिहिणाऱ्यांस राजांच्या खड्या सैन्याचा धाक ठाऊक होता. म्हणून भूसेनेसाठीं दोन वर्षांहून अधिक मुदतीचा पैसा मंजूर करूं नये, असें कलम त्यांनीं १७८७ सालीं घातलें.

राष्ट्राध्यक्षाचें अंदाजपत्रक आलें कीं दोन निरनिराळे कायदे लागतात. किती सैनिक ठेवावे, कोणतीं जहाजें बांधावीं, हें पहिला कायदा ठरवितो. हा झाला रुकार. पैसा मिळतो तो दुसऱ्या, विनियोगाच्या कायद्यानें. दरसाल मंजुरी लागणाऱ्या खर्चाचीं अशीं बारा विधेयकें असतात. संरक्षणाचें त्यांतील एक. १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीं तीं सर्व मंजूर व्हावयास हवीत; परंतु १९७७ ते २०२५ या आर्थिक वर्षांत हें केवळ चार वेळां घडलें. एरव्हीं तात्पुरत्या कायद्यानें मागील वर्षाच्या मानानें खर्च चालतो व नवीं कामें बहुधा खोळंबतात. तेंही न जमल्यास पैसाच थांबतो.

त्याची झळ घरांपर्यंत पोहोंचते. २०१८-१९ मध्यें अनेक खात्यांचा पैसा ३५ दिवस अडला. संरक्षण खात्याचें विधेयक आधींच मंजूर असल्यानें भूसेना व नौसेना यांचें वेतन चालू राहिलें; पण तटरक्षक दल दुसऱ्या खात्याखालीं असल्यामुळें, त्याचे जवान समुद्रावर पहारा करीत असतांनाही १५ जानेवारीचा पगार त्यांच्या घरीं गेला नाहीं. तो मागाहून मिळाला. पण वाण्याचें बिल व घरभाडें मागाहून थोडेंच चालतें?

२०२५ सालीं १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असा ४३ दिवस पुन्हा खोळंबा झाला. त्या वेळीं राष्ट्राध्यक्षाच्या आज्ञेनें, लष्करी संशोधनासाठीं मंजूर झालेल्या शिल्लक पैशांतून सैनिकांचे पगार देण्यांत आले. घरें तरलीं खरीं. पण एका कामासाठीं दिलेला पैसा दुसरीकडे वळविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला.

किल्लीचें मोल आपणांस सांगावयास नको. १९०२ सालीं नामदार गोखल्यांनीं कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलांत लष्करी खर्चावर टीका केली, तेव्हां सभासदांस अंदाजपत्रकावर बोलतां येई, मत देतां येत नसे. १९१९ च्या सुधारणांनंतरही लष्करी खर्च मतदानाबाहेरच राहिला. शिपायाच्या घरची चूल विझूं नये हें खरेंच. परंतु त्यासाठीं किल्ली एकाच्या हातीं जाऊं देणें हा उपाय नव्हे. जिच्याजवळ ती आहे, त्या सभेनें तिजोरी वेळेवर उघडावी, हाच खरा उपाय होय.