ड्रोनने फवारणी : उड्डाणाचे नियम आणि शेजारचे शेत

पाठीवरच्या पंपाने एक एकर कपाशी फवारायला १५० ते २०० लिटर पाणी लागते. ड्रोनला तेवढ्याच क्षेत्रासाठी सुमारे १० लिटर पुरते आणि काम दहा मिनिटांच्या आसपास उरकते. वेळेची व मजुरीची बचत तर उघडच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते आठवले म्हणजे माणूस फवाऱ्यापासून दूर राहतो, हाच या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा मानावा लागतो. मात्र एकरी औषधाची मात्रा तीच ठेवून पाणी एवढे कमी केले, की द्रावण १५ ते २० पट तीव्र होते. असे द्रावण बारीक थेंबांच्या रूपाने वरून सोडले जाते. त्यामुळे ड्रोन कुठे व कसा उडवावा याच्या नियमांइतकेच, त्यातला फवारा कुठे पडतो याकडेही लक्ष द्यावे लागते.

कायदा काय सांगतो?

केंद्र शासनाचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. यात वजनानुसार वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लहान, पुढे मध्यम व मोठा. वजन धरताना टाकी भरलेली धरतात, हे ध्यानात ठेवावे. १० लिटर टाकीचे फवारणीचे ड्रोन साधारणपणे लहान वर्गात येतात. त्यांची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी होऊन त्यांना ओळख क्रमांक मिळालेला असावा लागतो, तसेच त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा उतरवावा लागतो. उडविणाऱ्याकडे चालक प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वय १८ ते ६५ वर्षे, शिक्षण किमान दहावी आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण आवश्यक आहे. हौसेखातर २ किलोपर्यंतचा ड्रोन उडविणाऱ्यास या प्रमाणपत्राची गरज नाही. परंतु तोच ड्रोन लग्नाच्या चित्रीकरणासाठी भाड्याने लावला, की सवलत संपते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आकाशाचेही हिरवे, पिवळे व लाल असे भाग केलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फूट उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकाची, तर लाल भागात केंद्र शासनाची परवानगी लागते. ओझर, देवळाली, लोहगाव यांसारख्या लष्करी ठिकाणांच्या आसपास द्राक्षबाग वा ऊस असणाऱ्यांनी नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन बोलावूच नये. शेत आपले असले तरी त्यावरचे आकाश आपले नसते!

वारा आणि बांधापलीकडचे पीक

फवारणीचा ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दीड ते तीन मीटरवरून जातो, तेव्हा ४०० फुटांचा प्रश्न क्वचितच येतो. खरी भांडणे होतात ती वाऱ्यामुळे. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त नसावा. यंत्र हाताशी नसेल तर झाडाकडे पाहावे. पाने सळसळतात इथवर ठीक. बारीक फांद्या सतत हलू लागल्या की थांबावे. याउलट पहाटे वारा अगदी पडलेला असतो आणि चुलीचा धूर वर न चढता आडवा पसरतो, अशा वेळीही फवारू नये. बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात व नंतर भलतीकडे उतरतात. दुपारच्या कडक उन्हात, ३५ अंशांपुढे, थेंब वाटेतच सुकतो.

बांधापलीकडे काय आहे हे आधी फिरून पाहावे. मराठवाड्यात अनेक गावांत तुतीची लागवड आहे. कीटकनाशकाचा अंश पडलेला पाला खाल्ल्यास रेशीम कीटक मरतात आणि बांधावरून गेलेल्या फवाऱ्याने शेजाऱ्याचे अख्खे पीक हातचे जाते. २,४-डी हे तणनाशक तर कपाशी व द्राक्षाला फार बाधते. त्याचा नुसता अंश लागला तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात. म्हणून उसात किंवा ज्वारीत ते मारलेली टाकी नीट धुतल्याशिवाय कपाशीवर नेऊ नये. टाकी वेगळीच ठेवली तर उत्तम. विहीर, पाणवठा, मधपेट्या व वस्तीकडील बाजूस पट्टा मोकळा सोडावा आणि तो पंपाने फवारावा. औषध त्या पिकासाठी व ड्रोनने फवारण्यास मान्यता असलेलेच घ्यावे.

फवारणीची खबर २४ तास आधी द्यावी. ग्रामपंचायत, पोलीस पाटील व लगतचे शेतकरी यांना ती मिळाली की जनावरे व माणसे दूर ठेवता येतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातील काही गावांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे चोरांची धास्ती पसरली होती. न सांगता आलेल्या ड्रोनकडे गाव संशयाने पाहणारच.

उडविण्यापूर्वी विजेच्या तारा, खांबांचे ताण व उंच झाडे हेरून ठेवावीत. तारा लांबून दिसत नाहीत. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नये, फुगलेली तर वापरूच नये. चार्जिंग गोठ्यात वा कडब्याजवळ करू नये. द्रावण करणाऱ्याने हातमोजे, तोंडावर मास्क व चष्मा वापरलाच पाहिजे, कारण तीव्र औषध हाताळणारा आता तोच एक माणूस असतो.

ड्रोन भाड्याने आणणाऱ्याने चालकाचे प्रमाणपत्र, ड्रोनचा ओळख क्रमांक आणि विम्याची मुदत काम सुरू होण्याआधी पाहून घ्यावी. तारीख, वेळ, औषधाचे नाव, मात्रा आणि वाऱ्याची दिशा एका वहीत लिहून चालकाची सही घ्यावी. नुकसानीची तक्रार आलीच तर ही वही उपयोगी पडते.