माऊचं बिऱ्हाड

दिवाळी सरली की पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीकडचे मेंढपाळ कोकणची वाट धरतात. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोवळी कोकरं, कोंबड्या आणि मागे कुत्री. या लवाजम्यात मांजर सहसा नसतं. कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर जागेला, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. खेड्यात मांजराच्या वाट्याला एकच प्रवास यायचा: फार उपद्रव झाला की पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येण्याचा.

आता नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटमधली माऊ साहेबांच्या बदलीबरोबर पुण्याला जाते. तिची तयारी मात्र निघायच्या दिवशी सकाळी सुरू होते. माळ्यावरून पिंजरा खाली येतो, माऊ पलंगाखाली जाते आणि पुढचा अर्धा तास ओरखडे मोजण्यात जातो.

खरी तयारी तीन-चार आठवडे आधीच, घरात व्हायला हवी. कॅरिअर टणक प्लॅस्टिकचा आणि वरूनही उघडणारा घ्यावा, म्हणजे दवाखान्यात भेदरलेल्या मांजराला दारातून ओढावं लागत नाही. दार काढून तो हॉलच्या कोपऱ्यात ठेवून द्यावा. आत तिच्या नेहमीच्या गोधडीचा तुकडा घालावा, आणि तो न धुता. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास वस्तूला लावतं आणि मग तिथे निर्धास्त होतं. खाणं कॅरिअरमध्येच द्यावं. माऊ आपणहून आत झोपू लागली की दार बसवायचं, दोन मिनिटं लावायचं, उघडायचं. पुढे बंद गाडीत थोडा वेळ, मग भिंगारपर्यंत एक फेरी. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून.

आपला जिल्हा दूधधंद्याचा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी गाई-शेळ्यांची. तेव्हा मांजराची लस आहे का, हे आधी विचारून जावं. रेबीजची आणि तिहेरी लस वेळेवर हवी, लसीकरणाचं पुस्तक सोबत हवं. फारच घाबरट मांजराला डॉक्टर गॅबापेंटिन देतात. मात्रा तेच वजन पाहून ठरवतात. घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये. ती पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात अपुरी असते, आणि एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. निघताना लाडानं वाटीभर दूध पाजण्याची रीतही सोडावी. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि त्याचे परिणाम सुप्याच्या आधीच दिसतात. हलकं खाणं तीन-चार तास आधी, पाणी हवं तेव्हा.

रेल्वेचं गणित अवघड आहे. नगरहून कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, झेलम अशा लांबच्या गाड्या जातात, पण मांजर सोबत बसवायचं तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कुपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर लागते. स्लीपर, थ्री टिअर, टू टिअरमध्ये परवानगी नाही. पार्सल कार्यालयात नोंद आणि डॉक्टरांचा दाखला लागतो तो वेगळाच. दुसरा मार्ग सामानाच्या डब्याचा. तो मी तरी कुणाला सुचवणार नाही. शिर्डीचं विमानतळ 2017 पासून सुरू असलं तरी इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. एअर इंडिया आणि अकासा अटींवर घेतात, म्हणून आधी कंपनी पाहावी, मग तिकीट.

राहिली मोटार. नगर-पुणे रस्त्यावर शिक्रापूर, वाघोलीला गाड्या किती खोळंबतात ते सांगायला नको, पहाटे निघावं. कॅरिअर मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधावा, वर पातळ सुती कापड टाकावं, हवा खेळती ठेवावी. चहाला थांबलात तरी कुणीतरी गाडीत बसून राहावं, आणि कॅरिअर उघडायचा तो फक्त बंद काचांआड. शिरूरच्या ढाब्यावर पळालेलं मांजर हाक मारून परत येत नाही. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकू लागलं तर गाडी सावलीत घ्यावी, एसी लावावा आणि जवळचा डॉक्टर शोधावा. कुत्र्याचं धापा टाकणं नेहमीचं, मांजराचं नव्हे.

नव्या घरी पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. तिथे तिचं जुनं मातीचं घमेलं, जुनी वाटी, जुनी गोधडी. दोन-तीन आठवडे घराबाहेर सोडू नये. जुन्या घराच्या ओढीनं निघालेली मांजरं याच काळात हरवतात.

हे सगळं बदलीसाठी, कायमच्या मुक्कामासाठी. भाऊबीजेच्या चार दिवसांसाठी माऊला नेऊच नका. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या, दोन वेळा खाणं-पाणी, घमेल्याची सफाई सांगा आणि फटाक्यांच्या रात्री खिडक्या लावून घ्यायला सांगा.