बर्फाच्या पोटातले खारे पाणी

कोकणातल्या मिठागरात ऊन पाण्याची वाफ करते आणि मीठ मागे राहते. ध्रुवाकडच्या समुद्रात हेच काम थंडी करते. ती पाण्याची वाफ करीत नाही, बर्फ करते, एवढाच फरक.

समुद्राचे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठू लागते. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. बरेचसे मीठ खाली समुद्रात उतरते. पण थोडे खारे पाणी स्फटिकांमधल्या बारीक कप्प्यांत कोंडले जाते. थंडी वाढली की त्यातले आणखी पाणी गोठते व उरलेले अधिक खारट होते. ऊब मिळाली की कप्प्यांच्या भिंती वितळतात. म्हणजे दिलेली बरीचशी उष्णता तापमान वाढविण्याऐवजी आतल्या आत वितळविण्यातच खर्च होते. शिवाय खाऱ्या पाण्यातून उष्णता बर्फाच्या जेमतेम पाव पटीने वाहते. आणि कप्पे जितके मोठे, तितका बर्फाचा ताठपणा कमी. म्हणूनच हिवाळ्यातला बर्फ आणि तेवढ्याच जाडीचा उन्हाळ्यातला बर्फ यांची ताकद सारखी नसते.

या ताकदीचा प्रत्यय जर्मन दर्यावर्दींना फार पूर्वी आला. जून १८६९ मध्ये ब्रेमरहाफेनहून निघालेल्या मोहिमेतील 'हान्सा' हे जहाज ऑक्टोबरात पूर्व ग्रीनलंडजवळ बर्फाने चिरडून बुडाले. खलाशी सुमारे दोनशे दिवस बर्फाच्या लादीवरून वाहत गेले, आणि सगळे वाचले! ज्या बर्फाने जहाज फोडले त्यानेच माणसे तारली.

आज हॅम्बुर्गच्या जहाज-संशोधन संस्थेत ७८ मीटर लांबीच्या हौदात जहाजांच्या प्रतिकृती बर्फातून चालवून पाहतात. प्रतिकृती लहान, तर बर्फही त्याच प्रमाणात दुबळा हवा. तो कसा मिळवायचा? मिठाचे पाणी गोठवायचे आणि मग हौदावरची हवा हळूहळू उबदार करायची. कप्पे फुगतात, बर्फ नरमतो.

ब्रेमरहाफेनलाच १९८० साली आल्फ्रेड वेगेनर संस्था स्थापन झाली. तिचे 'पोलारश्टेर्न' जहाज २०१९ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेण्यात आले व महिनोन्‌महिने त्याच्याबरोबर वाहत राहिले. शास्त्रज्ञ बर्फाला भोके पाडून लांब नमुने काढीत आणि त्यांचे तापमान व क्षार मोजीत. हे दोन आकडे हाती आले की पोटात पाणी किती कोंडले आहे याचा हिशेब मांडता येतो. लादीवर पाऊल टाकणाऱ्याने नुसती जाडी पाहून भागत नाही. बर्फाच्या पोटात काय आहे, तेही विचारावे लागते.