परक्या पाहुण्यास चार गोष्टी

जानेवारीच्या अखेरीस नगर-दौंड रस्त्यावरील अरणगावच्या माळावर दरवर्षी एक आगळे दृश्य दिसते. ३१ जानेवारी १९६९ रोजी अवतार मेहेरबाबांनी देह ठेवला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ मेहेराबादच्या टेकडीवर हजारो माणसे जमतात आणि दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटे मौन पाळतात. त्यांत अमेरिका, इराण, ऑस्ट्रेलिया, युरोप येथून आलेले भक्त असतात. मौनाला भाषा लागत नाही, म्हणून त्या पाव तासापुरते तेथे कोणीच परके नसते. परकेपणा सुरू होतो तो टेकडी उतरून माणूस रस्त्यावर आला म्हणजे.

मेहेराबाद हे एकच निमित्त नव्हे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला उभारलेला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प पाहण्यास व तेथे शिकण्यास अनेक देशांतील वैद्यक व विद्यार्थी येतात. पाणलोटाचे काम पाहण्यास राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार येथे येतात. पर्यटनाच्या रंगीत पुस्तिकांत नगर जिल्ह्याला शिर्डीपलीकडे फारशी जागा नसली, तरी जग येथे येत असते. अशा पाहुण्यास व्यवहाराच्या चार गोष्टी सांगावयाच्या झाल्यास कोणत्या सांगाव्यात, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाने अर्थशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांस घातला. आलेली उत्तरे पाहुण्याविषयी थोडे आणि आपल्याविषयी फार सांगून गेली.

पहिली गोष्ट नावाची. ज्या गावी यावयाचे, त्याचे नावच नुकते बदलले आहे. चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. शासकीय कागद, नवे फलक यांवर नवे नाव आहे. जुनी पुस्तके आणि नकाशे यांत जुने आहे. आणि एस. टी. चा वाहक व रिक्षावाला दोन्ही सोडून नुसते ‘नगर’ म्हणतो. पाहुण्याने तिन्ही नावे एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहवून घ्यावीत आणि शेजारच्या औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे हेही ध्यानात ठेवावे. शिवाय शिर्डीचा विमानतळ, जो २०१७ साली काकडी येथे सुरू झाला, तो जिल्ह्यात असला तरी नगर शहरात नाही. विमानातून उतरल्यावर बराच रस्ता शिल्लक राहतो.

दुसरी गोष्ट पैशाची. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा परदेशी प्रवाशास आठवड्याला पाच हजार रुपयांपर्यंत चलन बदलून घेण्याची मुभा होती. खिशात पैसे असून तो निर्धन झाला होता. त्यानंतर आलेली दोन हजारांची नोट मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. आज वडापावच्या गाडीवरही चौकोनी ठिपक्यांचा फलक टांगलेला असतो आणि गिऱ्हाईक फोन दाखवून पैसे देते. पण ही सोय मुख्यतः भारतातील बँक खात्यावर आणि भारतातील भ्रमणध्वनी क्रमांकावर उभी आहे. परदेशी प्रवाशांसाठी २०२३ पासून वेगळी व्यवस्था सुरू झाली, तरी तिची तजवीज मोठ्या शहरात, विमानतळावरच करून घ्यावी. तरीही दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. पाचशेची नोट पुढे केली की ‘सुटे नाहीत’ हे आपले राष्ट्रीय उत्तर ऐकावयास मिळते.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. परदेशी पाहुणा उतरला की यजमानाने त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळविली पाहिजे, असा नियम आहे. तो हॉटेलास लागू आहे, तसाच घरी उतरवून घेणाऱ्यासही. लहान लॉजचा मालक ‘खोली रिकामी नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. बहुधा कागदपत्राची धास्ती असते. म्हणून आधी विचारून जागा ठरवावी आणि पारपत्र व व्हिसा यांच्या प्रती जवळ बाळगाव्यात. नेहरू, आझाद, पटेल जेथे १९४२ पासून कैदेत होते तो भुईकोट किल्ला पाहण्याची इच्छा असल्यास तो लष्कराच्या ताब्यात आहे हे लक्षात घेऊन प्रवेशाची व छायाचित्रांची चौकशी आधी करावी.

चौथी गोष्ट विचारण्याची. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली आणि २०२२ साली त्याच तारखेस त्याच मार्गावर महामंडळाची पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली. इंधन बदलले. पण गाडीवरील पाटी मराठीत असते आणि ती योग्यच आहे. पाहुण्याने आपल्या गावाची अक्षरे ओळखण्यापुरती शिकून घ्यावीत, आणि वाट विचारावी ती एकास नव्हे, दोघांस. कारण ‘मला माहीत नाही’ असे म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते. त्यापेक्षा चुकीची वाट सौजन्याने दाखविणे आपण पसंत करतो. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. बाटलीबंद पाणी घेताना त्यावर छापलेली कमाल किंमत वाचावी व झाकणाचे सील पाहावे.

येथे एका विद्यार्थ्याने शंका काढली. परदेशी माणसाकडून रिक्षावाल्याने चार पैसे अधिक घेतले तर बिघडले कोठे? सरकारही अजिंठा-वेरूळला भारतीयाकडून चाळीस आणि परदेशीयाकडून सहाशे रुपये घेतेच की! शंका रास्त आहे, पण दोहोंत मूलभूत फरक आहे. लेण्यांच्या जतनाचा खर्च येथील करदाता वर्षानुवर्षे सोसतो. त्याला सवलत असावी हे समर्थनीय आहे. मुख्य म्हणजे तो भेद फलकावर लिहिलेला असतो, पावतीवर येतो आणि पाहुणा आत जावे की नाही हे ठरवू शकतो. रिक्षातील भेद अघोषित असतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरील अज्ञान वाचून तो ठरतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही अशी स्थिती असेल, तर नुसते घेणारेच फसतात असे नव्हे, प्रामाणिक विक्रेतेही बाजारातून उठतात. चोख भाडे घेणाऱ्या रिक्षावाल्याकडेही पाहुणा संशयाने पाहू लागतो, तेव्हा हाच नियम फळास आलेला असतो.

आणि येथेच हा विषय परदेशी पाहुण्यापुरता उरत नाही. वरील चारही उपदेश पुन्हा वाचावेत आणि परदेशी माणसाच्या जागी पाथर्डी तालुक्यातील ऊसतोडणी कामगाराची कल्पना करावी. सहा महिने कारखान्याच्या फडावर काढून तो जिल्ह्याच्या गावी येतो. त्यालाही कोणता फलक कोणत्या कचेरीचा ते कळत नाही. त्याच्या फोनवर आलेला सांकेतिक अंक दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो. कोणता दाखला आता लागतो आणि कोणता रद्द झाला हे त्याला खिडकीपाशी पोहोचल्यावर समजते. सुट्यांसाठी तोही अडतो आणि भाड्यात तोही नागविला जातो. फरक इतकाच, की पाहुणा पंधरा दिवसांनी विमानात बसतो. याला परतावयास दुसरा देश नाही.

संक्रमणकाळातील देश म्हणजे जेथे नवा नियम आलेला असतो, परंतु जुना अद्याप गेलेला नसतो. या दोहोंच्या सांध्यात जो माहीतगार असतो तो मिळवितो आणि जो परका असतो तो गमावितो. बदल नकोत असा याचा अर्थ नव्हे. विजेची गाडी हवी, फोनवरील व्यवहारही हवा. परंतु बदलाची माहिती पोहोचविण्याचा खर्च हा बदलाच्याच खर्चाचा भाग आहे. तो शासनाने उचलला नाही, तर सर्वांत दुबळ्या माणसाच्या खिशातून तो वसूल होतो. बसस्थानकावर ठळक भाडेपत्रक व नकाशा, पिण्याचे खात्रीचे पाणी, मराठी, हिंदी व इंग्रजीतील एक पानी माहितीपत्रक, आणि नियम बदलला की जुना कागद किती दिवस चालेल हे सांगणारा फलक, एवढ्या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. महापालिका व जिल्हा प्रशासनाने मनावर घेतल्यास पुढील अमरतिथीपूर्वी त्या होऊ शकतील.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी जुन्नरला आला होता. नगर वसविणाऱ्या मलिक अहमदने पुढे आपली पहिली राजधानी केली तेच हे जुन्नर. येथे आपल्या देशाजोगा माल विपुल मिळेल, असे वाटेत भेटलेल्यांनी त्याला सांगितले होते. ते खोटे ठरले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देईन म्हणून बजावले. खोजा महंमद नावाच्या एका वजनदार गृहस्थाने शब्द टाकला तेव्हा कोठे घोडा परत मिळाला. निकितिनचे दैव बलवत्तर, त्याला शब्द टाकणारा भेटला. पाचशे वर्षांनंतरही आपण पाहुण्यास अखेरचा सल्ला हाच देतो, की कोणी ओळखीचे असेल तर बरे. ज्या दिवशी हा सल्ला पाहुण्यास आणि पाथर्डीच्या त्या कामगारास सारखाच अनावश्यक ठरेल, त्या दिवशी आपले संक्रमण पुरे झाले असे म्हणता येईल.