फोनला सांगायचं, घरच्यांनी ऐकायचं नाही

पूर्णगडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्जाचे हप्ते नाहीत की पापड-कोकमाचा हिशेब नाही. आज विषय पोलिसांचा.

बचत गटाचा पोलिसांशी काय संबंध, असं म्हणाल. संबंध घराचा आहे. कुणाचा नवरा हवालदार, कुणाची नणंद महिला पोलीस, कुणाचा मुलगा भरतीसाठी पहाटे धावतोय. गावोगावी आता बायकाही पोलीस पाटील आहेत.

गणपतीला चाकरमानी घरी येतात, तेव्हा पोलीस महामार्गावर उभा असतो. शिमग्याला पालखी नाचते, तेव्हा तो बंदोबस्ताला. आपल्या किनाऱ्याला तर सागरी पोलीस. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले, तेव्हापासून किनाऱ्यावरची जबाबदारी वाढली. खाडीत कुणी बुडालं तर पंचनामा त्यांनीच करायचा, आईबापांना निरोपही त्यांनीच द्यायचा. मग घरी आल्यावर आपण विचारतो, काय झालं? उत्तर येतं, काही नाही.

ते ‘काही नाही’ खोटं असतं, हे आपल्याला कळतं. पण त्याचंही खरं आहे. तपासातलं घरी सांगता येत नाही, पोरं घाबरतील, आणि ठाण्यात बोलावं तर लोक कच्चा म्हणतील. मग ते रागातून नाहीतर दारूतून बाहेर पडतं.

ड्युटीचे तास कमी करणं हा मोठा उपाय. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग झाला. तो सुचवला होता एका पोलीस कर्मचाऱ्यानंच. पण तो उपाय वरच्यांच्या हातात आहे. आपल्या हातातला लहान उपाय म्हणजे आवाजी डायरी.

आपल्या आज्या जात्यावर बसून सासरचं, माहेरचं सगळं जात्याला सांगायच्या. जातं कुणाला सांगत नसे. तसंच हे. अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं दुःख लिहायचं. लिहून झाल्यावर त्यांना लगेच बरं वाटलं नाही, उलट जड वाटलं. पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर इतरांनी टेपरेकॉर्डरपुढे बोलूनही पाहिलं. गुण सगळ्यांना येतोच असं नाही, आणि येतो तो बेताचा. पण दिवसभर फिर्यादी लिहून थकलेल्या माणसाला पुन्हा पेन धर म्हणण्यापेक्षा बोलणं सोपं.

फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. एकांतात दहा-पंधरा मिनिटं बोलायचं. काय घडलं एवढ्यावर थांबायचं नाही. त्या वेळी छातीत काय झालं, कशाची भीती वाटली, कशाचा राग आला, तेही सांगायचं. फिर्यादीचं, पीडितेचं, आरोपीचं नाव घ्यायचं नाही. तपासाचा तपशील तर नाहीच. फोन हरवला तर? व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचं म्हणाल, तर तेही नको, बोट चुकलं की गावभर. काही फोनमध्ये रेकॉर्डिंग आपोआप इंटरनेटवर साठतं, ते बंद करून घ्यायचं. बोलून झालं की पुसलं तरी चालतं, परत ऐकायची सक्ती नाही. आणि भयंकर काही पाहिलं त्याच रात्री ‘बोल, बोल’ म्हणून मागे लागू नये. आधी जेवण, झोप.

आता आपल्यासाठी. नवऱ्याचा फोन चार्जिंगला लागलेला असतो, लॉक आपल्याला ठाऊक असतं. हात शिवशिवतो. ऐकू नका. सासूनंही नको, वरिष्ठ साहेबानंही नको. कुणी ऐकतंय असा नुसता संशय आला, की माणूस फोनलाही ‘काही नाही’ म्हणायला लागतो. महिला पोलिसाला तर हा एकांतच मिळत नाही. ड्युटीवरून आली की चूल. तिला पंधरा मिनिटं द्यायची, तर तेवढा वेळ पोर दुसऱ्या कुणी घ्यायला हवं.

झोप उडाली असेल, जगून काय करू असं बोलणं निघत असेल, तर मात्र डायरीवर थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरच्या बाईनं लावला तरी चालतो.